तिसऱ्या चरावरचा हात

"बाईमाणूस चरात उतरलं की पाणी नासतं," असं नुसरत म्हणाला. तेव्हा तूबा कमरेएवढ्या चिखलात उभी होती आणि तिच्या हातात कोयता होता, म्हणून त्याने ते बांधावर, चांगलं दहा हात लांब उभं राहून म्हटलं.

"पाणी नासतंय का तुजं त्वांड नासलंय, ते बग आधी," तूबा वर न बघताच म्हणाली. "तुजा चर चौथा. तिकडं जा."

"तिसरा बी माजाच व्हनार हाय आठ दिसांत. चांगला साफ कर. माजं काम हलकं."

तूबाने बोरूचा एक जुडगा मुळापासून कापला आणि तो अशा बेताने बांधावर फेकला की चिखल नुसरतच्या विजारीवर उडाला. नुसरतने विजार झटकली, काहीतरी पुटपुटला आणि गेला. पाऊस बारीक होता, पण समुद्रावरून येणारा वारा असा होता की तो बारीक पाऊसही अंगात घुसायचा. पानगळीचा आबान महिना लागला होता. दक्षिणेकडच्या डोंगरावर पहिलं बर्फ दिसलं होतं, आणि डोंगरावर बर्फ दिसलं की आठ-दहा दिवसांत उत्तरेकडून बदकं येतात, हे त्या गावात अंगावर पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

गावाचं दामगाह, म्हणजे बदकं धरायची जागा, तरी काय, कापणी झालेली भातखाचरं. बांध घालून त्यांत पाणी सोडायचं, भोवती पुरुषभर उंच बोरूची भिंत उभी करायची, मध्ये तळं मोकळं ठेवायचं. तळ्यातून सात चर काढलेले, सात घरांचे सात. प्रत्येक चराच्या तोंडाशी काठात एक खड्डा, माणूस छातीपर्यंत बसेल एवढा, वरून बोरूने झाकलेला. त्यात एकाने बसायचं आणि बघायचं. घरची शिकवलेली बदकं रानबदकांना घेऊन चरात दाणे खायला शिरली, शेवटचं पाखरू आत गेलं, की खड्ड्यातल्याने बोरूच्या वर हात काढायचा. चराच्या दुसऱ्या टोकाला दोर धरून बसलेल्याला एवढा हातच दिसतो. हात दिसला की दोर ओढायचा, जाळं पडतं.

आणि या सगळ्यात तोंडातून शब्द काढायचा नाही. तळ्यावर थवा असताना शिंकलेल्या माणसाची आठवण गावात दोन पिढ्या काढतात. मोसमात तळ्याच्या बाजूला चूल पेटवायची नाही, लाकूड फोडायचं नाही, पोराला मारायचं असेल तर घरात नेऊन मारायचं. खड्ड्यात बसणाऱ्याने आणि दोर धरणाऱ्याने आधी तीन दिवस लसूणसुद्धा खायचा नाही, वास जातो म्हणून. लसणाशिवाय घास न उतरणाऱ्या मुलखात ही शिक्षा तुरुंगापेक्षा थोडीच कमी.

तिसऱ्या चरावरचा खड्डा तूबाच्या नवऱ्याचा, फरामर्जचा, आणि दोर त्याच्या बापाचा. मागच्या साली याच दिवसांत तो त्यात मेला. खड्ड्याची तळ्याकडची भिंत खचली, पाणी शिरलं आणि खालच्या गाळाने त्याला धरलं. दुपारी थवे उठून गेल्यावर लोक तिकडे गेले, तेव्हा तो गळ्यापर्यंत गाळात होता, थंड झालेला. डोळे उघडे होते आणि तोंड घट्ट मिटलेलं. त्या दिवशी तिसऱ्या चरात एकशे चौदा बदकं सापडली होती. एवढी कधी सापडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सातव्या दिवसाच्या जेवणाला तीच बदकं अक्रोड आणि डाळिंबाच्या रसात शिजली, आणि जेवून उठताना जो तो म्हणत होता, "खरा दामगाहचा माणूस. मेला, पण हुं केलं न्हाई."

तूबाला हे वर्षभर ऐकावं लागलं. बाया तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि तेच सांगायच्या, जणू काही तिला नवऱ्याने मागे दागिना ठेवला होता. पहिल्यांदा तिला बरं वाटलं होतं. मग एका रात्रीत कधीतरी तिच्या मनात आलं, की हुं केलं असतं तर? तेव्हापासून ते वाक्य ऐकलं की ती पाठीवरचा हात झटकून उठायची.

घरात आता दोघंच, ती आणि सासरा यदुल्ला. मूलबाळ नाही. यदुल्ला मशहदची यात्रा करून आलेला, सगळे त्याला मश्दी म्हणत. सत्तरीचा, गुडघे गेलेले, पण हात अजून दोरासारखे. त्याची लेक बाबुल नावाच्या शहरात होती आणि बापाला न्यायला टपून होती. तूबाचा भाऊ डोंगराकडच्या गावात होता, आणि त्याच्या बायकोने आत्ताच सांगून ठेवलं होतं की खालची खोली रिकामी आहे, म्हशीच्या शेजारची. चर राहिला तर घर राहणार होतं. चर गेला की म्हातारा एकीकडे आणि ती दुसरीकडे.

वर्षाच्या फातिह्याला करबलेची यात्रा केलेला, दामगाहचा वडीलधारा कर्बलाई हैबत आला, चहात बुडवलेला साखरेचा खडा गालात धरून बसला, आणि सगळ्यांदेखत त्याने सांगितलं, "मेलेल्याच्या घराला पयलं जाळं. बापजाद्याची रीत हाय. पयल्या थव्याला बाकीच्यांनी दोराला हात लावायचा न्हाई. मश्दीच्या घरानं जाळं पाडलं तर चर त्यांचा. न्हाई पाडलं तर घरात माणूस उरला न्हाई असं समजायचं, चर नुसरतला."

"खड्ड्यात कोन बसनार पन?" नुसरतने विचारलं. "मश्दीला तर उतरता यायचं न्हाई."

"मी बसनार," दाराआडून तूबा म्हणाली.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. कर्बलाईने खडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "रीतीत घर म्हटलंय," तो म्हणाला. "गडी म्हटलेलं न्हाई."

यदुल्ला चहाचा पेला हातात तसाच धरून बसला होता, आणि चहा निवून गेला होता.

चर साफ झाला, तशी तूबा पुन्हा बदकांच्या मागे लागली. बारा होती. वसंतात फरामर्जच्या जुन्या बदकीची अंडी तिने खुडूक कोंबडीखाली ठेवली होती, आणि पिल्लं कवच फोडून बाहेर आली ती तिच्या पदरातच. जीभ टाळूला लावून ती टक् टक् करायची आणि बाराच्या बारा तुरुतुरु धावत यायची. पायाच्या पडद्याला तिने दोन-दोन खाचा पाडल्या होत्या, जाळ्यात आपलं कुठलं नि परकं कुठलं कळावं म्हणून. उन्हाळ्यापासून रोज अंगणात ती त्यांच्यावर जुनं जाळं टाकायची. पहिले पंधरा दिवस आकांत झाला. मग जाळं अंगावर पडलं तरी ती दाणे टिपत राहायला लागली.

"कशी शिकलीत बग," शेजारची मुनव्वर खाला कुंपणावरून म्हणाली. "मानसाला एवढं शिकवलं तर मानूस बिघडंल."

"मानूसच असा शिकलाय खाला, म्हनून तर बदकांना शिकवाया येतंय."

"जाऊ दे. लसनाचं लोनचं आनलंय. सात सालांचं हाय, काळं झालंय नुसतं."

"ठेवा फळीवर. आजपास्नं तीन दीस बंद."

"अल्ला, तीन दीस. मी तर मेलेच असते," खाला म्हणाली, आणि मग काय बोललो ते ध्यानात येऊन तिने जीभ चावली.

शेवटचं काम राहिलं होतं ते इशाऱ्याचं. अंगणात पेंढ्याच्या गंजीमागे तूबा बसायची, दुसऱ्या टोकाला यदुल्ला दोर घेऊन. ती हात वर काढायची, त्याने दोर ओढायचा. एवढंच. पण रोज तेच होई. हात वर गेला की म्हातारा त्याच्याकडे नुसता बघत राही. दोर हातात, नजर हातावर, आणि जाळं जिथल्या तिथे.

"बाबाजान, झोपलात व्हय?"

"न्हाई, न्हाई. दिसला. पुन्यांदा कर."

पुन्हा तेच. शेवटी एका दिवशी तूबा वैतागली. गंजीमागून उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुमी सांगा मला, दिसत न्हाई का? डोळ्यांना काय झालंय का? एवढ्या येळात रानबदक समुद्र वलांडून परत जाईल."

"दिसतंय," यदुल्ला खाली बघत म्हणाला. "एक ऐक माजं, पोरी. हात येकदाच वर कर. कायबी झालं तरी येकदाच. दुसऱ्यांदा काढू नगंस."

"येकदाच काढते की. तुमी ओढा म्हंजी झालं."

"ओढतो."

तिला वाटलं, म्हातारपण. वाटलं, पोराची जागा आठवत असेल. तिलाही आठवत होतीच. त्यापलीकडे तिने विचार केला नाही, आणि त्या संध्याकाळी त्याने खरोखर झटक्यासरशी जाळं पाडलं तेव्हा ती हसली. वर्षात पहिल्यांदाच असेल.

लसूण सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी पहाट फुटताना थवा आला. आधी आवाज आला, पंखांचा, पाऊस जवळ येतो तसा. खड्ड्यात तूबा छातीपर्यंत बसली होती. खचलेल्या भिंतीला तिने स्वतः मेखा ठोकून बोरूचा तट्ट्या लावला होता, पायाखाली फळी टाकली होती. तरी थंडी फळीतून वर येतच होती. अंगावर फरामर्जचा जुना कोट होता. नवं कापड चालत नाही म्हणून, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

बाकीच्या सहा चरांवर माणसं हात खाली ठेवून बसली होती. रीत म्हणजे रीत. नुसरतसुद्धा बसला होता.

तिची बदकं उडाली, तळ्यावर एक घिरटी घातली, मग थव्यात मिसळली. बराच वेळ काही कळेना. थवा दोनदा खाली आला आणि दोनदा वर उठला. मग सगळं तळं काळं झालं. हिरव्या मानेचे नर, पिवळ्या डोक्याची लहान बदकं, कितीतरी. तूबाने जीभ टाळूला लावली. टक् टक्. तिची पहिली बदकी वळली. तिच्या मागे दुसरी. आणि त्यांच्या मागे, मान ताणून इकडेतिकडे बघत, रानबदकं चरात शिरायला लागली. तिच्या डोळ्यांसमोरून, हाताच्या अंतरावरून जात होती. त्यांच्या पाठीवरचं पाणी तिला दिसत होतं. तिने श्वास धरला. साठ गेली. ऐंशी. शेवटचा एक नर तोंडाशी घुटमळला, मग तोही आत गेला.

तूबाने हात वर काढला.

जाळं पडलं नाही.

तिने हात खाली घेतला. कान दिला. आत दाणे टिपल्याचा आवाज येत होता. घुटमळणारा नर परत फिरला होता, मान वर करून बाहेर बघत होता. तो एक बाहेर पडला की सगळी पडणार. घर, अंगण, म्हातारा, म्हशीशेजारची खोली, सगळं तिला एका क्षणात दिसलं. म्हाताऱ्याला दिसला नसेल हात, तिला वाटलं. डोळे गेलेत त्याचे. तिने पुन्हा हात वर काढला, आणि या वेळी जोराने हलवला.

"फरामर्ज."

त्या तळ्यावर माणसाचा तसा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. "फरामर्ज, आलो रं. आलो. धर, दम धर." आणि सगळं तळं एकदम उठलं. आकाश दिसेनासं झालं. तूबाच्या अंगावर पाणी उडालं, पिसं पडली. त्या फडफडाटात यदुल्ला, ज्याला अंगणातली पायरी उतरायला काठी लागायची, तो चराच्या पाण्यातून कंबरेपर्यंत भिजत, पडत, उठत तिच्याकडे येत होता. त्याने खड्ड्याच्या काठावर अंग झोकून दिलं आणि तिचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"बाबाजान, सोडा. काय झालं? मी इशारा केला. सगळी आत व्हती."

तो तिला ओढत होता. गुडघ्यांवर बसून, दात आवळून ओढत होता.

"बाबाजान, मी तूबा हाय. मी बुडत न्हाई. खाली फळी हाय."

तेव्हा त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. हात सोडला नाही. "दोनदा वर आला," तो म्हणाला.

"मंग तुमी ओढलंच न्हाई तर काय करू?"

"मागल्या साली बी दोनदा आला व्हता." त्याने तिचा दंड आणखी आवळला. "पयल्यांदा आला, मी ओढलं. एकशे चौदा. मंग परत आला. हालत व्हता. असा, असा. तवा दुसरा थवा उतरत व्हता, पोरी. मी म्हनलं, खूश झालाय. मी म्हनलं, थवा बसू दे, मंग बगू. खूश झालेला न्हाई, ते मला कळलं व्हतं. मनात कुटंतरी कळलं व्हतं. थवा उतरत व्हता म्हनून गप ऱ्हायलो."

वर्षभर तूबा एकट्या मेलेल्या माणसासाठी रडली होती. आता कळलं, की तो एकटा नव्हता. चाळीस हातांवर बसलेल्या बापाने त्याचा हात बघितला होता. तिला त्या म्हाताऱ्याला त्याच गाळात दाबावंसं वाटलं, खरंच वाटलं, आणि त्याच वेळी दिसत होतं की त्याचे ओठ निळे पडलेत आणि तो अजून तिचा दंड धरूनच बसलाय. जी हाक फरामर्जला मिळाली नाही, ती तिला मिळाली होती. तिला ती नको होती.

माणसं जमली. म्हाताऱ्याचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं. कर्बलाई हैबत बांधाने चालत चराच्या टोकाला गेला, खुंट्याला बांधलेला दोर त्याने सोडला, गुंडाळला आणि बांधावर ठेवला. दोर सुटला म्हणजे चर सुटला. नंतर त्याने आपला कोट काढून यदुल्लाच्या खांद्यावर टाकला आणि मान खाली घालून निघून गेला.

घरी आल्यावर तूबाने म्हाताऱ्याचे कपडे बदलले, शेगडीशी बसवलं, चहा दिला. दुपारपर्यंत बदकं एकेक करून अंगणात उतरली. ती बारा झाली तेव्हा तिने दाणे टाकले. मग मऊ भात शिजवला, फळीवरची लोणच्याची बरणी उघडली आणि सात सालांचा काळा लसूण म्हाताऱ्याच्या ताटात वाढला.

यदुल्ला ताटाकडे बघत राहिला. "मला बाबुलला धाड," तो म्हणाला. "तुला माजं त्वांड बगवनार न्हाई."

"बगवत न्हाईच," तूबा म्हणाली. "जेवा."

तो जेवायला लागला. तीही समोर बसून जेवली. दोघांच्या तोंडाला लसणाचा वास येत होता आणि आता त्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

दिवस कलताना नुसरत आला. पायातलं काढून दाराशी उभा राहिला, सकाळी जिंकलेल्या माणसासारखा नाही, जरा ओशाळा. "झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पन थवे येनार, चार दिसांत परत बसतील. दोन चरांना माजी बदकं पुरायची न्हाईत. तुज्या बारांचं तू आता काय करनार? मला दे. मोबदल्यात कायबी माग."

"तिसऱ्या चरावर खड्ड्यात कोन बसनार हाय?"

"बेहरूज. थोरला माजा."

"काय वय त्येचं?"

"इकोणीस."

तूबा उठली आणि खुराड्यापाशी जाऊन उभी राहिली. बदकं तिच्या पायांत घोटाळायला लागली. "बदकं घेऊन जा," ती म्हणाली. "मला काय नगं. पन आधी हितं उभं ऱ्हाऊन वरड. मोठ्यानं, पोराला हाक मारल्यागत. तळ्यापातुर जाईल असं."

"आत्ता? आगं, मोसम हाय. थवे वर फिरत्यात. लोक काय म्हंतील?"

"म्हनू दे. बेहरूजचा हात दोनदा वर आला तर तुला वरडता येतंय का, एवढंच बगायचंय मला."

नुसरतने तिच्याकडे बघितलं, मग दारातून आत, शेगडीशी बसलेल्या म्हाताऱ्याकडे. तो हसेल असं तूबाला वाटलं होतं, पण तो हसला नाही. त्याने घसा खाकरला. छाती भरून घेतली, तोंड उघडलं, गळ्याची शीर ताठ झाली. समुद्राकडून वारा येत होता आणि वर कुठेतरी उंच एक थवा चालला होता. नुसरतची नजर आपसूक तिकडे गेली. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि आवाज आला नाही.

तूबाने बदकं आत घेतली आणि खुराड्याला कडी घातली.

"जा घरी," ती म्हणाली. "वरडता येत असंल त्या दिशी ये."